फोन मोठा झाला, मग अक्षरं तेवढीच कशी?

गेल्या दिवाळीत आईला नवा फोन घेतला. जुना साडेपाच इंचाचा होता, नवा ६.७ इंचाचा. घरी आल्यावर तिने दोन्ही फोन जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा लावला, दोन्हींवर मावशीचा तोच एक मेसेज उघडला आणि म्हणाली, "अरे, अक्षरं तेवढीच आहेत की! मग मोठा कशाला घेतला?"

मी म्हणालो, असं कसं होईल, चांगला सव्वा इंच वाढलाय. तिने काही उत्तर दिलं नाही. शिवणाच्या डब्यातली टेप आणली आणि दोन्ही स्क्रीनची रुंदी मोजली. जुन्याची सात सेंटिमीटरला एक-दोन रेघा कमी. नव्याची बरोबर सात.

मी फोनबद्दल बरंच वाचतो, ओळखीच्यांना कुठला घ्यावा ते सांगतो, पण ही गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. त्या संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मोठ्या स्क्रीनच्या फोनचं परीक्षण वाचताना किंवा दुकानात फोन हातात घेताना नेमकं काय बघायचं, हे मला तेव्हापासून जरा नीट कळायला लागलं. तेच इथे मांडतो.

इंच कशाचे मोजतात?

खोक्यावर लिहिलेले इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतचं तिरपं अंतर. टीव्हीच्या काळापासून पडद्याचं माप असंच सांगतात. सगळे पडदे एकाच ठेवणीचे असले तर या मापाने काही बिघडत नाही. गडबड होते ती ठेवण बदलली की.

आईच्या जुन्या फोनची ठेवण १६:९ होती, म्हणजे लांबीचे १६ भाग तर रुंदीचे ९. नव्याची २०:९ आहे. शाळेतला पायथागोरस इथे कामाला येतो. साडेपाच इंचाची १६:९ स्क्रीन म्हणजे सुमारे १२२ मिलिमीटर लांब आणि ६८.५ मिलिमीटर रुंद. ६.७ इंचाची २०:९ स्क्रीन म्हणजे सुमारे १५५ मिलिमीटर लांब आणि ६९.८ मिलिमीटर रुंद. कर्ण वाढला २२ टक्के, लांबी २७ टक्के आणि रुंदी जेमतेम २ टक्के. फोन मोठा झाला म्हणजे उंच झाला. रुंद झालाच नाही. आपण मेसेज वाचतो तो फोन उभा धरून, आणि उभ्या फोनवर ओळीत किती शब्द मावणार आणि ते किती मोठे असणार हे ठरवते रुंदी. आईची टेप खरं सांगत होती.

हे एकट्या आईच्या फोनचं नाही. मोठ्या स्क्रीनच्या फोनची खरी सुरुवात ज्याने केली असं मानतात, तो सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी नोट सप्टेंबर २०११मध्ये बर्लिनच्या इफा प्रदर्शनात दाखवला गेला. स्क्रीन ५.३ इंचाची. त्याच सुमाराला आलेल्या आयफोन ४एसची स्क्रीन होती ३.५ इंचाची. एवढं धूड कानाला लावून बोलायचं तरी कसं, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं, तरीही ऑगस्ट २०१२पर्यंत सॅमसंगने १ कोटी नोट विकल्याचं जाहीर केलं. आता त्याच घराण्यातला २०२४चा गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा घ्या. स्क्रीन ६.८ इंचाची, म्हणजे दीड इंच जास्त. पण नोटची ठेवण १६:१० होती आणि एस२४ अल्ट्राची १९.५:९. हिशेब केला तर नोटच्या स्क्रीनची रुंदी येते सुमारे ७१ मिलिमीटर आणि एस२४ अल्ट्राची ७२. तेरा वर्षांत उभ्या फोनवरची ओळ एका मिलिमीटरने वाढली! लांबी मात्र ११४वरून १५७ मिलिमीटरवर गेली.

यामागे कंपन्यांचा काही डाव आहे असं मला वाटत नाही. कारण साधं आहे, आपला तळवा. माणसाचा हात काही दर वर्षी मोठा होत नाही. पहिल्या नोटची बाहेरून रुंदी जवळजवळ ८३ मिलिमीटर होती, आणि तो एका हातात धरणं बहुतेकांना जड जायचं. एस२४ अल्ट्रा ७९ मिलिमीटरचा आहे. कडेच्या काळ्या पट्ट्या गेल्या, खालचं होम बटण गेलं, आणि जी जागा मिळाली ती उंचीत गेली. २०१७मध्ये एलजी जी६ने १८:९ आणि गॅलेक्सी एस८ने १८.५:९ ठेवण आणली, त्यानंतर सगळेच फोन लांबोडे होत गेले.

आता याचा व्हिडिओवर काय परिणाम होतो ते बघा. क्रिकेटचं प्रक्षेपण १६:९ असतं. २०:९च्या फोनवर सामना आडवा लावला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, आणि मधलं चित्र उरतं सुमारे ५.६ इंचाचं. साडेपाच इंचाच्या जुन्या फोनवर तेच चित्र साडेपाच इंचाचं दिसत होतं! सिनेमाचं तसं नाही. रुंद पडद्यासाठी काढलेले सिनेमे लांबोड्या फोनवर चांगलेच मोठे दिसतात, कारण त्यांची ठेवणच लांबट असते. तेव्हा तुम्ही सामने बघणारे की सिनेमे बघणारे, यावर तुमच्यासाठी त्या जादा इंचांची किंमत ठरते.

उंचीचा फायदा नाही असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर लिहायला कळफलक उघडला की जुन्या फोनवर वरचे दोनच मेसेज दिसायचे. आता पाच-सहा दिसतात, समोरच्याने काय विचारलं होतं ते डोळ्यांपुढे राहतं. पण अक्षर मोठं हवं असेल तर ते सेटिंगमधूनच करावं लागतं. तिथे दोन वेगळ्या गोष्टी असतात. 'फॉन्ट साइज' फक्त अक्षर वाढवते. 'डिस्प्ले साइज' बटणं, चित्रं, अक्षरं सगळंच वाढवते. कारण फोनची प्रणाली स्क्रीनच्या रुंदीचे काही ठरावीक भाग पाडते आणि त्या भागांत सगळ्याची मापं देते. कंपनीने नव्या फोनमध्ये भाग जास्त पाडले असतील, तर अक्षर जुन्यापेक्षा बारीकही दिसू शकतं. अँड्रॉइड १४पासून फॉन्ट २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो, आणि त्यात शीर्षकासारखी आधीच मोठी असलेली अक्षरं कमी वाढतात, त्यामुळे पान विस्कटत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर ही सेटिंग लावून देणं हे नव्या फोनच्या निम्म्या किमतीएवढं काम आहे, असं माझं अगदी प्रामाणिक मत आहे.

ठिपके आणि जोडाक्षरं

स्क्रीन कितीही मोठी असली तरी ती ठिपक्यांची बनलेली असते. १०८० × २४०० म्हणजे रुंदीत १०८० ठिपके, लांबीत २४००. ६.७ इंचाच्या स्क्रीनवर हे दर इंचाला सुमारे ३९३ ठिपके होतात. स्वस्त फोनमध्ये तेवढ्याच स्क्रीनवर ७२० × १६०० ठिपके देतात, तेव्हा इंचाला सुमारे २६२च पडतात.

इंग्रजी वाचणाऱ्याला हा फरक कदाचित फारसा खुपणार नाही. मराठी वाचणाऱ्याला खुपतो. आपल्या अक्षरावर वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, शिवाय पोटात जोडाक्षर. 'राष्ट्र' मधला ष्ट्र, 'दुर्गंधी' मधला रफार आणि त्याच्या शेजारचा अनुस्वार, 'तऱ्हा' मधला अर्धा र. कमी ठिपक्यांच्या स्क्रीनवर बारीक अक्षरात हे सगळं एकमेकांत मिसळतं आणि अनुस्वार आहे की शिरोरेषेवर धूळ बसलीय ते कळत नाही. म्हणून फोन पारखताना मी एक मराठी बातमी उघडतो, अक्षर लहान करतो आणि असेच शब्द शोधतो. दुकानातल्या डेमो व्हिडिओतली फुलपाखरं सगळ्याच फोनवर सुंदर दिसतात.

इथे एक बारकावा सांगायला हवा. जुन्या एलसीडी स्क्रीनमध्ये प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन कण असतात. आजच्या बहुतेक ओएलईडी स्क्रीनमध्ये ठिपक्यामागे दोनच असतात. हिरवा प्रत्येकाला, लाल आणि निळा शेजाऱ्याशी वाटून घेतलेला. ही पेनटाइल रचना पहिल्या नोटमध्येही होती. म्हणून तेवढेच ठिपके असलेली एलसीडी अक्षराच्या कडेला किंचित जास्त रेखीव दिसू शकते. चारशेच्या आसपास ठिपके असतील तर डोळ्यांना हे जाणवत नाही.

ओएलईडीची मोठी बाजू वेगळीच आहे. तिचा प्रत्येक कण स्वतः उजेड देतो, आणि काळं दाखवायचं असेल तर तो चक्क बंद होतो. एलसीडीत मागचा दिवा कायम चालू असतो, त्यामुळे काळा रंग रात्री राखाडी दिसतो. गडद थीम लावल्यावर ओएलईडी फोनची बॅटरी वाचते ती याचमुळे. एलसीडीवर तसं काही होत नाही.

दुपारचं ऊन

आईचा फोन घेताना मी दुकानदाराला विनंती केली, दोन मिनिटं फुटपाथवर जाऊन बघू का. तो बिचारा सोबत आला. आत ट्यूबलाइटखाली झगमगणाऱ्या दोन फोनांपैकी एक बाहेर पार मावळला. डायल केलेला नंबरही दिसेना. आम्ही दुसरा घेतला.

असं का होतं ते कळलं की जाहिरातीतले आकडे वाचायला सोपं जातं. स्क्रीनचा उजेड 'निट्स'मध्ये मोजतात. भर उन्हात पांढरा शर्ट घालून तुम्ही उभे आहात असं समजा. त्या शर्टाचा उजेडच वीस हजार निट्सच्या वर असतो. साधी काच समोरून पडलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के परत पाठवते. म्हणजे तुमच्याच शर्टाचं आठशे निट्सचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडतं, आणि स्क्रीनचा स्वतःचा उजेड पाचशे निट्स असेल तर तुम्हाला फोन दिसायच्या ऐवजी शर्ट दिसतो. गडद शर्ट घातला असेल तर फोन जास्त नीट दिसतो, करून बघा.

यातून दोन वाटा निघतात. एक, उजेड वाढवणं. कंपन्या २६००, ३००० असे निट्सचे आकडे देतात ते बहुतेक वेळा कमाल आकडे असतात, स्क्रीनचा छोटासा भाग उजळलेला असताना मोजलेले. पूर्ण पांढरं पान उघडलं की उजेड त्याहून बराच खाली येतो. शिवाय डोळ्यांना दुप्पट निट्स दुप्पट उजळ वाटत नाहीत. १३०० आणि १६०० यांत फरक आहे म्हणून जास्त पैसे मोजू नयेत. दुसरी वाट म्हणजे प्रतिबिंबच कमी करणं. एस२४ अल्ट्रावर कॉर्निंगची गोरिला आर्मर काच आहे, तिच्यात प्रतिबिंब ७५ टक्क्यांपर्यंत कमी होतं असं कंपनी सांगते. वरचा शर्टाचा हिशेब लावला तर आठशेचे दोनशे निट्स उरतात. मला ही वाट जास्त शहाणपणाची वाटते, कारण तिला बॅटरी लागत नाही आणि फोनही तापत नाही. फक्त त्यावर बाजारातला साधा स्क्रीन गार्ड चिकटवला की काचेचा हा गुण वरच्या थराखाली झाकला जातो, एवढं लक्षात ठेवा.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पुष्कळ फोनमध्ये उन्हातला जादा उजेड 'ऑटो ब्राइटनेस' चालू असेल तरच मिळतो. बॅटरी वाचवायला ते बंद करून हाताने पट्टी शेवटपर्यंत ओढली, तरी स्क्रीन तेवढी उजळत नाही. दुचाकीवर नकाशा लावून जाणाऱ्यांनी हे आधी तपासावं. पोलराइज्ड गॉगल असेल तर फोन उभा-आडवा फिरवूनही बघावा. काही फोन एका दिशेने धरले की गॉगलमधून जवळजवळ काळे दिसतात.

रात्रीचा प्रश्न उलटा आहे. बऱ्याच ओएलईडी स्क्रीन उजेड कमी करताना कण मंद न करता भराभर उघडझाप करतात. काही फोनमध्ये सेकंदाला २४० वेळा, काहींत ४८०, आणि अलीकडच्या कित्येक फोनमध्ये १९२० किंवा त्याहून जास्त. डोळ्यांना ती दिसत नाही, पण काही लोकांचं अंधारात फोन वाचून डोकं चढतं त्यामागे हे असू शकतं. तुम्हाला हा त्रास असेल तर परीक्षणात हा आकडा जरूर शोधा, जास्त असेल तेवढं बरं. नसेल तर सोडून द्या.

हातात धरल्यावर

डिझाइन म्हटलं की परीक्षणांत मागची काच, कॅमेऱ्याची मांडणी, रंग यांवर पानंच्या पानं लिहिलेली असतात. कव्हर घातल्यावर यातलं काहीच दिसत नाही. मी तीन गोष्टी बघतो. बाहेरची रुंदी, वजन आणि तोल.

२०१३मध्ये स्टीव्हन हूबर या अभ्यासकाने रस्त्यावर, बसमध्ये फोन वापरणाऱ्या १३३३ लोकांची निरीक्षणं नोंदवली. त्यांपैकी जे स्क्रीनला बोट लावत होते, त्यांतले ४९ टक्के एका हातात फोन धरून त्याच अंगठ्याने काम करत होते. तेव्हाचे फोन लहान होते. आज लांबोड्या फोनवर अंगठा वरच्या कोपऱ्यात पोहोचवायचा तर पकड सैल करून फोन हातात वर-खाली सरकवावा लागतो, आणि फोन पडतो तो नेमका त्याच क्षणी. लोकलमध्ये एका हाताने वरची दांडी पकडलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. अँड्रॉइड १२पासून एका हाताच्या वापराची सोय प्रणालीतच आहे, बोट खाली ओढलं की अख्खी स्क्रीन खाली येते. आयफोनमध्येही अशी सोय आहे. दोन्हीकडे ती बहुधा आधी सेटिंगमधून चालू करावी लागते.

वजनाचं म्हणाल तर पहिला नोट १७८ ग्रॅमचा होता, एस२४ अल्ट्रा २३२ ग्रॅमचा आहे. हे झालं नुसत्या फोनचं. आईचा फोन मी कव्हर आणि काचेसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर चाळीस ग्रॅम वाढले होते. पण वजनापेक्षाही तोल जास्त महत्त्वाचा. आपण फोन खालच्या तिसऱ्या हिश्शात धरतो आणि कॅमेऱ्यांचा सगळा भार वरच्या टोकाला असतो. उंच फोन म्हणजे लांब दांडा, त्यामुळे तो पुढे कलतो आणि करंगळीवर ओझं येतं. दुकानात फोन बोटावर आडवा ठेवून तोल कुठे लागतो ते बघा. मधोमध लागला तर छान. मग पाच मिनिटं तो नुसता हातात धरून उभे राहा. करंगळी काय ते सांगेल.

वाकवलेल्या कडांची काच दिसायला देखणी असते. मला ती नको वाटते. तळव्याचा मांसल भाग कडेला लागून नको ते बटण दाबलं जातं, आणि साधी टेम्पर्ड काच तिच्यावर नीट बसत नाही. सॅमसंगनेही एस२४ अल्ट्रात कडा सपाट केल्या.

ओरखड्यांबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. खिशात किल्ल्या असल्या तर काच खराब होते म्हणतात. फोनच्या काचेपेक्षा किल्लीचा धातू मऊ असतो. काचेला खरा धोका वाळूचा. वाळूतले क्वार्ट्झचे कण काठिण्याच्या मापात ७वर असतात आणि फोनच्या काचेवर सहापासून ओरखडे पडायला लागतात. तारकर्लीला जाऊन आलेला फोन ओळखता येतो तो त्यामुळेच. पाण्यापासून संरक्षणाच्या आयपी ६८ या मानांकनाची चाचणी गोड्या पाण्यात होते. समुद्राचं खारं पाणी त्यात धरलेलं नाही. आणि पावसात फोन टिकला तरी चालेलच असं नाही. टचस्क्रीन बोटातली विद्युत वाहकता ओळखते, पाण्याचा थेंबही वीज वाहतो, त्यामुळे ओली स्क्रीन थेंबालाच बोट समजते. मोठ्या स्क्रीनवर थेंबही जास्त पडतात.

रोजच्या वापरात अडखळतो का?

स्क्रीन सरकवताना दिसणारी हालचाल म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रं. ६० हर्ट्झची स्क्रीन सेकंदाला ६० चित्रं दाखवते, म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद. १२० हर्ट्झला वेळ निम्मा, ८.३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रोसेसरने पुढचं चित्र तयार केलं नाही, तर जुनंच पुन्हा दिसतं आणि आपल्याला झटका बसल्यासारखं वाटतं. १०८० × २४००च्या स्क्रीनवर सुमारे २६ लाख ठिपके असतात, ते सेकंदाला १२० वेळा म्हणजे ३१ कोटी ठिपक्यांचं काम. अशक्त प्रोसेसरच्या स्वस्त फोनवर १२० हर्ट्झ लिहिलेलं असतं, पण त्याला ते झेपत नाही. त्यापेक्षा ९०वर स्थिर चालणारा फोन हाताला जास्त गुळगुळीत लागतो. एस२४ अल्ट्रासारखा महागडा फोनही १४४० × ३१२० ठिपके असून कारखान्यातून येताना कमी ठिपक्यांच्या सेटिंगवर येतो.

नवा फोन दुकानात पळतो आणि सहा महिन्यांनी रखडतो, ही तक्रार मात्र सहसा प्रोसेसरची नसते. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि स्टोरेज म्हणजे कोठीची खोली असं समजा. ओटा लहान असेल तर प्रत्येक वेळी डबे आत ठेवून नवे बाहेर आणावे लागतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ओटीपीची वाट बघताना मेसेज बघायला बाहेर गेलात आणि परत आल्यावर अ‍ॅप पहिल्यापासून सुरू झालं, तर ओटा अपुरा पडला म्हणून समजा. '८ + ८ जीबी' अशी जाहिरात असते त्यातले दुसरे आठ म्हणजे कोठीतला एक कप्पा ओटा म्हणून वापरणं. तिथे जाऊन भाजी चिरता येते, पण प्रत्येक वेळी खेप घालावी लागते. त्या आठांचे पैसे देऊ नका.

कोठीही दोन तऱ्हांची असते. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी असतं, त्यात एका वेळी एकतर वाचता येतं नाहीतर लिहिता येतं. यूएफएसमध्ये दोन्ही एकदम चालतं आणि वेगही कितीतरी जास्त. प्लेस्टोअरवरून अपडेट उतरत असताना फोन गोठल्यासारखा होतो, तेव्हा बऱ्याचदा दोष या कोठीचा असतो. खोक्यावर हे ठळक लिहिलेलं नसतं, तपशिलाच्या यादीत शोधावं लागतं. माझ्या मते मध्यम किमतीच्या फोनमध्ये प्रोसेसरच्या नावापेक्षा यूएफएस आहे की नाही हे आधी बघावं.

शिवाय फ्लॅश मेमरीला लिहिलेल्या जागेवर तसंच पुन्हा लिहिता येत नाही. आधी तो अख्खा भाग पुसावा लागतो. मोकळी जागा कमी उरली की फोनला सतत सामान हलवून जागा करत बसावं लागतं. 'शुभ सकाळ'ची चित्रं आणि लग्नाचे व्हिडिओ साठून कोठी काठोकाठ भरली की फोन रखडतो तो यामुळे. पाचवा हिस्सा मोकळा ठेवा.

राहिली उष्णता. अ‍ॅपल आपला फोन ० ते ३५ अंशांच्या वातावरणात वापरा असं सांगते. आपल्याकडे मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोला पंचेचाळीसच्या घरात असतात. त्या तापमानात फोन स्वतःला वाचवायला स्क्रीनचा उजेड कमी करतो, प्रोसेसरचा वेग कमी करतो, चार्जिंगही थांबवतो. तो बिघडलेला नसतो. मोठ्या फोनला उष्णता पसरवायला जागा जास्त मिळते, हा त्याचा एक खरा फायदा. त्यामुळे तो लहान फोनपेक्षा उशिरा दमतो. पण गाडीच्या काचेला लावलेल्या होल्डरमध्ये उन्हात ठेवून चार्जिंगलाही लावला तर कोणताच फोन टिकाव धरत नाही. एसीच्या जाळीवरचा होल्डर त्यापेक्षा बरा.

बॅटरीचे आकडे नुसते बघू नका. मोठी बॅटरी मोठ्या स्क्रीनलाच पोसत असते.

आईच्या टेपेकडे परत येतो. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला चार दिवसांनी मिळालं, तेही तिच्याकडूनच. कुणीतरी तिला एका दिवाळी अंकाची पीडीएफ पाठवली होती. ए-फोरचं पान उभ्या फोनवर छापील पानाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं होतं, त्यावर सेटिंगमधला फॉन्ट वाढवूनही उपयोग नसतो, कारण ते पान चित्रासारखं असतं. ती बोटांनी मोठं करून डावी-उजवीकडे सरकवत वाचत होती आणि वैतागली होती. मी फोन आडवा केला. पान पसरून १५५ मिलिमीटर रुंद झालं, छापील पानाच्या जवळजवळ पाऊण. जुना फोन आडवा केला असता तर १२२च मिळाले असते.

तिने चष्मा वर केला, दोन ओळी वाचल्या आणि टेप मागितली. मोजून झाल्यावर म्हणाली, "हं. आता वाढलं."